वायरींवरचं मुंडासं

पौडला मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांचा ड्रायव्हर माझ्या समोरच राहायचा. दर रविवारी तो त्यांची मोटार अंगणात आणायचा, बॉनेट उघडून रॉकेलच्या बोळ्यानं इंजिनावरचं चिकट तेल पुसत बसायचा. पाणी मारण्याआधी मात्र डोक्याचं मुंडासं सोडून प्लगच्या वायरींवर पदरावर पदर देत घट्ट गुंडाळायचा आणि चारचौघांत बोडका वावरायचा.

शिकवल्याशिवाय मला राहवेना. गाडी धुऊन झाल्यावर म्हटलं, "अहो, जुनं फडकं गुंडाळावं की!"

"पयलं फडकंच व्हतं, गुरुजी," तो दमून म्हणाला. "एकदा त्यातनं पाणी झिरपलं. सांच्याला गाडी चालूच झाली न्हाई. डाक्टर अडलेल्या बाळंतिणीकडं पोचलंच न्हाईत."

"कुणाकडं?"

"माज्याच लेकीकडं," म्हणत त्यानं मुंडासं पिळलं आणि ओलंच डोक्याला बांधलं.