जवरीलालचं गाळणं

आमच्या दोंडाईच्यात इंदरचंद शेटचं धान्याचं दुकान. त्यांचा जवरीलाल माझ्या वर्गातला. तापीपेक्षा मोठं पाणी त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं, आणि सदुसष्ट साली शिष्यवृत्ती मिळवून निघाला नॉर्वेला, समुद्राचं शास्त्र शिकायला. गिरधर न्हावी म्हणाला, "पानी देखाले इतला दूर? तापी काय आटी गई का?"

त्याच्या आईनं, जतनबाईनं, एकाच अटीवर सोडलं. त्यांच्या जैन घरी पाणी दुहेरी फडक्यानं गाळूनच पीत. फडक्यावर जे बारीक जीव राहतात, ते परत ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायचे. शाळेतून आम्ही तहानलेले यायचो आणि हा आधी तांब्या घेऊन विहिरीकडे. "तिथंही हेच करायचं," आई म्हणाली. हा हो म्हणून बसला.

आता तिथं बोटीवर काम काय, तर रेशमी जाळं समुद्रातून ओढायचं आणि अडकलेले बारीक जीव औषधाच्या बाटलीत मारून ठेवायचे. म्हणजे गाळणंच की! जवरीलालनं तीन दिवस गाळलं, औषध न घालता भिंगाखाली एकेक जीव मोजला, वहीत चित्रं काढली आणि बाराच्या बारा बरण्या समुद्रात ओतायला निघाला. वर कप्तानाला म्हणतो, "बोट जरा मागं घ्या, हे कालपरवाच्या जागचे आहेत." कप्तान हसत सुटला, तेव्हा यानं तिथंच ओतल्या.

प्रोफेसर आले. "नमुने कुठं आहेत?"

"घरी पोचवले, सर."

"मग सोमवारी तूही घरी पोच. शिष्यवृत्ती बंद."

यानं वही पुढं केली. साहेबांनी त्याच पाण्यातली एक बाटली स्वतः भरून ठेवली होती, तिच्याशी ताडून पाहिलं. वहीत सात जाती जास्त. साहेबांना वाटलं, थापा मारतोय. पुन्हा जाळं ओढलं, तर सातही भिंगाखाली मजेत पोहताहेत. अंगानं इतके मऊ, की औषधात पडले की विरघळायचे. बाटलीत सापडणार कुठून?

साहेबांचा डोळा भिंगावरून हलेना. शेवटी म्हणाले, "तू जिवंतच मोज. पण बोट मागं फिरणार नाही."

"ओढल्या जागीच मोजून सोडतो," जवरीलाल म्हणाला.

बहात्तर साली डॉक्टर होऊन आला, ट्रंकेत ते जाळं. जतनबाईनं ते उजेडात धरलं, बोटांनी चाचपलं.

"एकेरी आहे रे. इतक्या वर्षांत किती निसटले असतील. दुहेरी कर."

डॉक्टरसाहेबांनी खिशातली वही काढली आणि लिहून घेतलं.