पोळ्याचे गोंडे आन् जुना नाडा

बंडीवाले भाऊहो, हा कागद मी आजच कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर लावून राह्यलो. ज्याले वाचता येते त्यानं बाकीच्याईले वाचून दाखवा.

सकाळी पिंपळगाव राजाहून बंडीत कापूस भरून खामगावले निघालो. आमच्या गावचे रहीमचाचा पिंजारी सोबत पायी चालत होते. नाल्याच्या चढावर बंडीले जू बांधलेला नाडा, तो जाड दोर, तुटला. बैल जू घेऊन पुढं गेले आन् भरलेली बंडी मांगं घसरू लागली. मांगून दुसरी बंडी येत होती, तिच्यात बायामानसं बसली होती.

चाचा धावले, चाकाखाली दगड लावला. बंडी थांबली, पन त्याईच्या उजव्या हाताची बोटं चाक आन् दगडाच्या मधात चेंगरली. कापूस पिंजनारा हात तो.

खरं सांगतो, तो नाडा विहिरीच्या मोटेवरून काढलेला होता, पान्यानं सडलेला. पोळ्याले मी बैलाईले नवे गोंडे घेतले, नवी झूल घेतली. ते लोकाईले दिसते ना! जुवाचा नाडा कोन पाहाते? तवापासून एकदा हातानं चाचपलाही नाही.

हाताले फडकं बांधताना चाचानं इचारलं, "नाडा जुना होता काय बे?"

मी म्हनलं, "नाही चाचा, पोळ्यालेच नवा घेतला."

"मंग तुहा काय कसूर? माह्यं नसीब."

भाऊहो, आपापला नाडा आजच पाहून घ्या. चाचाले वाचता येत नाही, म्हनूनच मले हे लिहायची हिंमत झाली. माह्या तोंडानं त्याईले सांगवत नाही; तुमच्यातला कोनी त्याईले वाचून दाखवन काय?