शबानानं टिपलेला आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट माहीत नाही.

सुरुवात एका जर्मन बँडपासून करते — त्यांच्याबद्दल बोलणं मला सोपं जातं. चार जण. पहिला अल्बम जुन्या टेप आणि एका बिघडलेल्या कीबोर्डवर केलेला. मग गिटार आली, ड्रम्स आले, बारा-बारा मिनिटांच्या रचना, शब्द एकही नाही. मग दोघं सोडून गेले. उरलेल्या दोघांनी शेवटच्या अल्बमसाठी ऐकणाऱ्यांकडूनच यंत्रांचे आवाज मागवले. तो अल्बम आला आणि ते थांबले.

खामगावात त्यांना ऐकणाऱ्या आम्ही दोघीच असू — मी आणि शबाना.

शबाना आमच्या गल्लीतली. तिचे अब्बा जिनिंगमध्ये फिटर. मी इंग्लिश मीडियमची, ती मराठी शाळेतली. कॉलेजात एकत्र आलो. बँडचा इतिहास मला पाठ होता. पण ऐकायची ती. डोळे मिटून सांगायची, आता खालचा आवाज बदलन. आणि तो बदलायचा.

आवाज मागवल्याचं मीच तिला सांगितलं. ती अब्बांचा डबा घेऊन गेली आणि रेच्यांपाशी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांपाशी, फोन धरून दोन तास बसली. मला ती यंत्रं एकसुरी वाटायची. ती म्हणाली, "ओला कापूस आला की रेचा कण्हते. तो येईलोक मी हालली नाही."

फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मी भरला. हे कारण नाही. त्यात वेगळा रकाना होता — ध्वनिमुद्रण कुणी केलं? तिथे मी माझं नाव लिहिलं. चुकून? नाही. थांबले, विचार केला आणि मग लिहिलं.

त्यांचं उत्तर आलं. आवाज मध्येच असा खाली का जातो, असं त्यांनी विचारलं होतं. मी शबानाचं वाक्य इंग्रजीत करून पाठवलं — माझं म्हणून. अल्बमसोबतच्या छापील पुस्तिकेत ते वाक्य आहे. खाली माझं नाव. पुस्तिका माझ्या कपाटात आहे; तो अल्बम मी शबानाला कधी ऐकवला नाही.

शबाना अधूनमधून विचारायची. "काऊन वं, आलं का त्याहिचं काही?"

एक दिवस मी सांगितलं, "नाही निवडला त्यांनी."

ती हसली. "जर्मनीवाल्याईले कापसातलं काय समजते माय."

तिच्या फोनमध्ये आणखी कितीतरी आवाज होते. पिठाची गिरणी, शेतातला पंप, शेजारणीची शिलाई मशीन. महिन्याभरात तिनं ते सगळे पुसले. जागा लागून राह्यली, म्हणाली.

मला यातून काय मिळालं? इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांत थोडी ओळख. तो आवाज पाठवणारी भारतातली मुलगी — एवढीच. ती ओळख मला हवी होती.

लग्न होऊन शबाना जळगाव जामोदला गेली. मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. तो शेवटचा अल्बम तिला मोबाइलवर सापडला होता. तिथे पुस्तिका नसते, नावं नसतात. तिनं लिहिलं होतं, "चौथं गाणं आयक. आपल्या जिनिंगचा रेचा वाटते. माह्यावालाच."

तिचा कान चुकत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी लिहिलं, "सगळी यंत्रं सारखीच वाजतात गं."

तिचं उत्तर आलं, "असंन. मलेच तसं वाटलं असंन."

त्यावर मी अंगठ्याची खूण पाठवली.