हिरवा म्हटलं की हिरवाच

आता हसू येतं, पण धाकटी जाऊ घरात आली तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई ऑफिसात रंगकाम करते. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "पडद्यावरचे दिवे, आकडे, बटणं." मी मनात म्हटलं, झालं! एवढं शिकून चित्रं रंगवते.

औषधं थंड ठेवायची कपाटं बनवणारी तिची कंपनी. कपाटाच्या दारावर छोटा पडदा, त्यात एक दिवा. आत थंड असलं की हिरवा, आठ अंशांच्या वर गेलं की लाल. तो दिवा हिचा.

परवा एका दवाखान्यातलं कपाट बिघडलं, आतली सगळी लस वाया गेली आणि दिवा आपला हिरवागार! साहेबांनी हिच्यापुढे कागद ठेवला. चूक माझी, असं लिहिलेला. सही कर म्हणे. सही केली की नोकरी गेली.

"आणि तू ऐकून घेतलंस?" मी पातेलं आपटलं.

"जाऊबाई, ऐका तरी. मी दिव्याला सारखं लाल हो, हिरवा हो, असं सांगत नाही. एकदाच लिहून ठेवते, की तुझा रंग तापमानावरून ठरेल. मग तापमान बदललं की रंग आपोआप बदलतो."

"म्हणजे नातं जुळवून दिलंस आणि मोकळी झालीस. आमच्या आत्यासारखी."

"तसंच. पण त्या दवाखान्यात कपाट बसवलं तेव्हा गिऱ्हाईक समोर, कपाट अजून गार व्हायचं होतं, आणि साहेबांना धीर नाही. त्यांनी गुपचूप एक बटण घातलं. दाबलं की 'रंग हिरवा'. त्यांना वाटलं, घटकाभरच. पण असा थेट रंग दिला की आधीचं नातं तुटतं. दिवा पुन्हा तापमानाकडे बघतच नाही. कपाट बंद करून चालू केलं तर जुळेल, पण लशीचं कपाट कोण बंद करतं?"

माझं डोकंच फिरलं. बटण दाबायचं यांनी आणि मान द्यायची आमच्या पोरीनं? त्या लशीसाठी रांगेत उभी राहिलेली माणसं, त्यांचं काय? साहेब म्हणे!

दुसऱ्या दिवशी ही बया पडदा आणि तापमान मोजायची तार घेऊनच मीटिंगला गेली. तार बुडवली कशात? साहेबांच्या चहात! दिवा लाल. बर्फाच्या पाण्यात, हिरवा. मग ते बटण दाबलं आणि तार पुन्हा चहात. आकडा साठ, दिवा हिरवा! कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद संगणकात असतेच. त्या ओळीपुढे साहेबांचं नाव.

"गिऱ्हाइकाला दिवा दाखवायचाच असेल तर घटकाभर खोटं तापमान द्या," ही म्हणाली, "रंगाला हात लावू नका."

साहेबांनी कागद फाडला. पण माफी? नाव नको. "दोघांचीही थोडी थोडी चूक," म्हणाले. थोडी थोडी! मी असते तर उरलेला चहा...

हे सगळं तिनं घरी येऊन सांगितलं. राग कुणावर तरी काढायचाच होता, मी तिच्यावरच काढला. "साडेसहाला येते म्हणालीस. आलीस तेव्हा सहा चाळीस झाले होते. चहा गार झाला."

"साडेसहालाच आले."

"मग माझा फोन खोटं बोलतो?"

तिनं फोन घेतला, काहीतरी उघडलं. "वेळ आपोआप घ्यायचं कुणी बंद केलं?"

आठवलं. हिच्या नवऱ्याला घाई करायला मीच फोनमधली वेळ दहा मिनिटं पुढे केली होती. "अगं, एका सकाळपुरतीच!"

"साहेबही हेच म्हणाले, जाऊबाई." तिनं कपाला हात लावून पाहिला. "आणि चहा गरम आहे."