शिरोरेघेवरची टिटवी

१२ मार्च १९६१, रविवार. सकाळी आठ वाजता घरून निघालो. हळदीच्या पेठेतून भूपाल मगदूम यास बरोबर घेतले. साडेनऊला सिनेमागृहाच्या मागच्या अंगणात पोचलो. तेथे श्री. दिनकरराव बनसोडे फळ्या रंगवीत होते. अकरापर्यंत बोललो. दुपारी घरी आलो. ऊन फार होते.

माझ्या रोजनिशीत त्या दिवसाची एवढीच नोंद आहे. दिनकररावांच्या साठीनिमित्त त्यांचे विद्यार्थी गौरवग्रंथ काढीत आहेत आणि त्यात माझाही लेख हवा, असे समितीचे पत्र आले, तेव्हा ती वही पुन्हा काढली. मी लेखक नाही. सांगलीच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेचे काम पाहतो. शिकवीत नसूनही दिनकरराव मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणतात.

भूपाल हा माझा शाळेपासूनचा मित्र. हळदीच्या जुन्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा. विशीत त्याच्या तोंडावर आणि हातांवर कोड उठले. गिऱ्हाईक बिचकते म्हणून वडिलांनी त्याला दुकानाच्या गादीवर बसू दिले नाही. मागच्या गोदामातली एक खोली दिली. तो बाहेर पडताना तोंडाला पंचा गुंडाळत असे. त्याने कोठून तरी जुना सोळा मिलिमीटरचा कॅमेरा मिळवला होता आणि हलत्या चित्रांचा एक लहान चित्रपट करण्याचे त्याच्या मनाने घेतले होते. गोष्ट त्याचीच होती. चित्रे काढणारा माणूस हवा होता.

दिनकरराव तेव्हा सिनेमाच्या पाट्या रंगवीत. भूपाल गोष्ट सांगू लागला, तरी त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. कृष्णेत एक मगर असते. तिचे दात पडतात, म्हणून इतर मगरी तिला डोहातून हाकलतात. काठावर एक टिटवी असते. आभाळ आपल्या पायांवर तोललेले आहे अशी तिची समजूत, म्हणून ती पाय वर करून निजते. पाखरे तिला हसतात; तिचे ओरडणे अशुभ म्हणून माणसे दगड मारतात.

“दात कशानं पडलं मगरीचं?” दिनकररावांनी विचारले.

“ते अजून ठरलं नाही.”

“मासं खाऊन काय दात पडत न्हाईत. आवं शेट, सांगलीची मगर हाय न्हवं? गूळ खाल्ला असंल तिनं.”

भूपाल हसला. “बरं झालं. म्हणजे सिनेमात मासा मारायला नको.”

“व्हय तर! मगर बी तुमच्यातलीच झाली म्हना की.”

भूपाल इतका हसला की तोंडावरचा पंचा खाली आला. परक्या माणसासमोर तो पंचा मी कधी खाली आलेला पाहिला नव्हता. दिनकररावांनी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या आता तसाच. उकडतंय.” पुढच्या रविवारपासून ते गोदामात येऊ लागले.

दिनकररावांच्या घराने छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. पहिल्या दिवशी पाणी मागताना ते सवयीने दाराबाहेर उभे राहिले. भूपालने तांब्या आणि एकच पेला आणून खोलीच्या मध्ये ठेवला. “येथे एवढाच पेला आहे, दिनकरराव. आळीपाळीने घ्यायचा.” तो दोघांनी घेतला. मला तहान नाही, असे मी म्हणालो. पहिले दोन रविवार मी घरून पाणी पिऊन येत असे. दिनकररावांच्या ते लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी कधी दाखवले नाही.

त्यांच्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे. अशा चित्रपटासाठी पारदर्शक ताव शेकड्यांनी लागतात आणि आम्हांला ते मिळण्यासारखे नव्हते. तोड दिनकररावांनी काढली. मिरजेच्या दवाखान्यांतून टाकून दिलेले एक्स-रे त्यांनी गोळा केले. मी प्रयोगशाळेतून कॉस्टिक सोडा आणला. गरम पाण्यात ते भिजवून खरवडले की बरगड्या आणि हाडे निघून जात आणि फिकट निळसर ताव उरे. त्या निळ्यामुळेच आमच्या नदीला रंग आला. सोड्याने हात सोलवटत. भूपाल हात घालू लागला की दिनकरराव त्याचे मनगट धरीत. “तुमच्या कातडीला न्हाई झेपायचं. सरा तिकडं.” त्यांच्या स्वतःच्या बोटांना चिरा पडलेल्या असत.

एका तावावर एक चित्र, ते कॅमेऱ्याने दोनदा टिपायचे, मग ताव पाण्याखाली धरून रंग धुवायचा आणि त्यावर पुढचे चित्र काढायचे, अशी आमची पद्धत होती. त्यामुळे काढलेले कोणतेच चित्र मागे राहिले नाही. जे होते ते फक्त फिल्मवर होते. हे ध्यानात ठेवावे, अशी वाचकांना विनंती आहे.

दिनकररावांचा चांगुलपणा बोलण्यात कमी आणि वागण्यात जास्त. भूपाल सूर्यास्तानंतर जेवत नसे. खिडक्या लावून काम करताना आम्हांला वेळ कळत नसे. दिनकरराव मात्र मध्येच ब्रश धुऊन ठेवीत आणि दार उघडीत. “दिवस कलला. जेवून घ्या शेट, आमी हितंच बसतो.” भूपाल जेवून येईपर्यंत ते पेठेतल्या मुलांना कोळशाने जमिनीवर बैल काढून दाखवीत. आज ज्या चित्रवर्गाचे विद्यार्थी हा ग्रंथ काढीत आहेत, त्याची सुरुवात तेथे झाली.

दीड वर्षात अकरा मिनिटांचा चित्रपट झाला. मगर टिटवीला हसत नाही. “माझ्या पाठीवर नीज, आभाळ हातभर जवळ येईल,” म्हणते. दोघी नदीने उलट्या वर जातात; वाई मागे पडते आणि पाचगणीच्या पठारावर आभाळ खरोखरच थोडे खाली येते. तेव्हा एक पायांनी आणि एक नाकाडाने ते धरून ठेवते.

शेवटी नावांच्या पाट्या राहिल्या. भूपालची आणि माझी दिनकररावांनी एका सकाळी लिहिली. स्वतःच्या पाटीला त्यांनी चार रविवार घेतले. वीस वर्षे त्यांनी गावभर दुसऱ्यांची नावे लिहिली होती. स्वतःचे कधीच लिहिले नव्हते. अक्षरे झाल्यावर त्यांनी त्या नावाच्या शिरोरेघेवरून टिटवी चालवली. ‘दि’पासून निघते, दोन शब्दांमधल्या फटीवरून उडी मारते आणि ‘डे’वर जाऊन निजते, पाय वर करून. त्यासाठी अठ्ठेचाळीस चित्रे काढली. पडद्यावर ती चार सेकंद होती.

पुढच्या जानेवारीत साताऱ्याला एका बालमेळाव्यात चित्रपट दाखवायचे ठरले. मेळाव्याच्या समितीतले एक गृहस्थ आमच्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळावरही होते. मेळाव्याच्या आठ दिवस आधी त्यांनी चित्रपट पाहिला. “चित्रे फार सुंदर आहेत,” ते म्हणाले. “फक्त ते नाव सुरुवातीलाच... चांगल्या घरचे पालक येणार आहेत. तुम्ही समजूतदार आहात.”

कापा, असे ते म्हणाले नव्हते. ते मी केले. घरी येऊन कात्रीने अडीच फुटांची पट्टी काढली, दोन टोके जोडली आणि पट्टी सकाळच्या बंबात टाकली. भूपालचे आणि माझे नाव तसेच ठेवले.

साताऱ्याला दिनकररावांनी पत्नीला, सोनाबाईंना, बरोबर आणले होते. त्यांना वाचता येत नव्हते. नवऱ्याचे नाव ओळखता यावे म्हणून त्यांनी महिनाभर पाटीवर तेवढीच अक्षरे गिरवली होती. मी यंत्राजवळ उभा होतो आणि ती दोघे माझ्या पुढच्याच बाकावर बसली होती. चित्रपट सुरू होऊन नदी दिसू लागली, तेव्हा सोनाबाईंनी हळूच विचारले, “आवं, तुमचं नाव कवा यायचं?”

दिनकरराव त्यांच्याकडे वाकले. मग म्हणाले, “येऊन गेलं की. डोळा लवला असंल तुजा.”

मुलांनी टाळ्या पुष्कळ वाजवल्या. नंतर एस.टी. स्टँडवर सोनाबाई नळावर गेल्या असताना दिनकररावांनी मला विचारले, “मास्तर, पट्टी तुटली व्हय?”

मी तोंड उघडण्याआधी भूपाल बोलला. पडद्यावर ते नाव आले नाही, तेव्हापासून तो माझ्याकडे बघतच होता. “मी काढायला लावली, दिनकरराव. मेळावा हातचा जाईल असं वाटलं.”

दिनकररावांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले. परतीच्या गाडीत ते पुढे बसले.

त्या वेळी माझी पत्नी आजारी होती आणि नोकरी त्या गृहस्थांच्या हातात होती. त्यांच्या सूचनेची गोष्ट बाहेर फुटली तर नोकरी जाईल, हे भूपालला माहीत होते. सांगलीत उतरल्यावर तो मला म्हणाला, “माझं कोण काय करणार गड्या? दुकानातनं मला कवाच काढलंय. पण आठ दिवसांत जा आणि खरं सांग त्यांना. ते माझ्या गळ्यात ठेवू नको.”

मी गेलो नाही. पुढे भूपालने आणखी दोनदा विचारले, मग विचारणे सोडले. दिनकरराव गोदामात पुन्हा आले नाहीत. भूपालने दुसरा चित्रपट केला नाही आणि पंचा परत वर चढला.

माझ्याशी मात्र दिनकररावांनी कधी अंतर ठेवले नाही. पत्नीला मिरजेच्या दवाखान्यात ठेवले, तेव्हा शाळेच्या वेळात तिच्यापाशी बसायला माझ्याकडे कोणी नव्हते. दिनकरराव पाट्यांची कामे सकाळीच आटोपून रोज दुपारी येत. तिला करमावे म्हणून औषधांच्या वेष्टनांवर वॉर्डातल्या माणसांची चित्रे काढीत. एका परिचारिकेला त्यांनी सायकलीवर बसलेले बदक केले होते. ते पाहून ती परिचारिकाही हसली. पत्नी बावीस दिवस जगली, त्यांतले वीस दिवस ते आले. शाळा सुटल्यावर मी पोचलो की रोज त्यांच्याबरोबर वॉर्डाच्या जिन्यापर्यंत चालत जात असे. वीस दिवसांत वीस वेळा सांगता आले असते. पत्नी गेल्यावर नोकरीची भीतीही तितकी उरली नव्हती. तरी सांगितले नाही. तेव्हा कशाची भीती होती, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ते माझ्याशी चांगले वागत होते, ते थांबेल, एवढीच असावी.

गेल्या श्रावणात भूपाल गेला. कृष्णाकाठी त्याच्या घरची माणसे थोडी होती. दिनकरराव आले, दूर उभे राहिले आणि सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आले.

“मानूस लय चांगला हुता, मास्तर,” ते म्हणाले. “येकदाच चुकला. मीबी येवढं धरून बसाया नको हुतं. जाऊन बोलायचं हुतं एकदा.”

मी “हो” म्हणालो.

तो ‘हो’ घेऊन मी सहा महिने वावरतो आहे. जिवंत असेपर्यंत भूपालने माझी चूक स्वतःवर घेतली. तो गेल्यावर मी तिच्यावर शिक्का मारला. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला, ते दिनकरराव स्वतःलाच दोष देत नदीवरून घरी गेले.

मागच्या आठवड्यात सांगायचे ठरवून त्यांच्या घरी गेलो. सोनाबाईंनी चहा केला. दिनकरराव चित्रवर्गातल्या एका मुलीचे कौतुक करीत होते. तिच्या घोड्यांना वारा लागतो, म्हणाले. चहा पिऊन परत आलो. तोंडाने जमत नाही, म्हणून लिहून देतो.

दिनकरराव, पट्टी मी कापली. भूपालला ती कापल्यावर कळली. तो तुमच्याशी एकदाही चुकला नाही. तुमची ती अठ्ठेचाळीस चित्रे आता कोठेही नाहीत आणि त्याला कारण मी आहे.

समितीला विनंती की हा लेख छापण्याआधी दिनकररावांना वाचायला द्यावा. ते नको म्हणाले, तर छापू नये. पण सोनाबाईंचा डोळा लवला नव्हता, हे त्यांना कोणीतरी सांगावे. समारंभाला मी यावे की नाही, हेही दिनकररावांनीच ठरवावे.

त्यांचे डोळे आणि हात शाबूत राहोत. चित्रवर्गाच्या खोलीत आणखी कितीतरी मुलांचे घोडे धावोत. सोनाबाईंची सोबत त्यांना लाभो. पुष्कळ वर्षे मिळोत त्यांना. माझ्यावर रागावायचे झाले, तर त्यासाठीही पुरतील इतकी.

कागद पाकिटात घातले आहेत. शाळेचा शिपाई उद्या समितीच्या कचेरीकडेच जाणार आहे, पण त्याच्याकडे देत नाही. चपला घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत मीच जाऊन येतो.