बर्फ चढायच्या आधी

माझा स्वभाव घाईचा आहे. भात शिजायच्या आधी पानावर येऊन बसणारा म्हणून आई मला हसायची. ही घाई मला आयुष्यात बरीचशी उपयोगीच पडली, खोटं कशाला बोलू. पण तिच्यापायी एका बाईंचं काम गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं हे त्या वेळी फक्त मला ठाऊक होतं. मी ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागे मिरजोळ्याला, औद्योगिक वसाहतीत, एका शेठचा बर्फाचा कारखाना होता. होड्या समुद्रात जायच्या आधी पोटात बर्फाच्या लाद्या भरून घेतात, मासा टिकावा म्हणून. त्या लाद्या हा कारखाना पुरवायचा. कारखाना वर मिरजोळ्याला, बंदर खाली, मध्ये सगळं रत्नागिरी. बंदरावर शेठचं एका खोलीचं ऑफिस होतं आणि तिथे या बाई बसत. होडीवाला येऊन सांगे, उद्या पहाटे निघतोय, तीस लाद्या हव्यात. की बाई कारखान्यात फोन लावत आणि पलीकडे म्हातारा मुकादम तो उचले.

मुकादमाची एक रीत होती. तो आकडा आणि होडीचं नाव परत म्हणून दाखवी, पण ‘हो’ म्हणत नसे. ‘थांबा’ म्हणून रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवी, बाहेर जाई, लाद्या टेंपोत चढताना डोळ्यांनी बघे, आणि मग परत येऊन म्हणे, ‘हो’. तेवढा सगळा वेळ बाई रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या असत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. एका ‘हो’साठी दहा मिनिटं फोन अडवून ठेवायचा.

शेठ माझ्या वडिलांचे विद्यार्थी. वडील शाळामास्तर, त्यामुळे निम्मं गाव त्यांचं विद्यार्थी होतं. मी डिप्लोमा करून, मुंबईला वर्षभर कॉम्प्युटरचा कोर्स करून परत आलो होतो आणि घरात बसून सगळ्यांना अक्कल शिकवत होतो. शेठ म्हणाले, ‘‘सरांचा मुलगा घरी बसलाय होय? पाठवा माझ्याकडे. बंदर आणि कारखाना जोडून दे म्हणावं.’’

मी जोडून दिलं. बंदरावर एक मशीन, कारखान्यात दुसरं, मध्ये टेलिफोनची लाईन. आमच्या धंद्यात याला रिमोट प्रोसिजर कॉल म्हणतात. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे. दूरच्या मशीनला काम सांगायचं, आणि सांगणाऱ्याला मात्र ते आपल्याच टेबलावर झाल्यासारखं वाटायला हवं. खरी मेहनत पलीकडच्या मशीनची, म्हणजे सर्व्हरची. त्याने कान लावून बसायचं, कॉल आला की गाठोडं सोडायचं, आत काय सांगितलंय ते बघायचं, ते काम करायचं, आणि उत्तराचं गाठोडं बांधून परत पाठवायचं. ही सर्व्हरची बाजू मी एकट्याने लिहिली आणि मला तिचा भयंकर अभिमान होता.

मुकादमाने मला एकच प्रश्न विचारला होता. ‘‘तुमचा मशीन हो कदी बोलणार?’’

‘‘काम झालं की.’’

‘‘काम म्हंजे? बर्फ चढल्यावर ना?’’

पहिल्यांदा मी तसंच केलं, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. बाईंनी बटण दाबलं की कारखान्यात चिठ्ठी छापून यायची, मुकादम लाद्या चढवायचा, मग तो एक बटण दाबायचा, आणि तेव्हा कुठे बाईंच्या पडद्यावर ‘झालं’ उमटायचं.

बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, तरी मला साहेब म्हणत. मी नको म्हटलं तरी म्हणत. त्यांच्या आईने आणि सासूने जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकली. नवरा गेल्यावर यांनी टायपिंगचा क्लास लावला, आणि खुर्चीवर बसून काम करणाऱ्या त्यांच्या घरातल्या त्या पहिल्या. रोज सकाळी कीबोर्ड पदराने पुसून मगच सुरू करत. पडद्यावर ‘झालं’ आलं की दारातल्या होडीवाल्याला म्हणत, ‘‘झालं हां. जावा बिनघोर.’’ ते म्हणताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की जणू लाद्या त्यांनी स्वतः उचलून ठेवल्यात.

पण लाईन आमची कोकणातली. जरा वारा सुटला की तुटायची. बाई वाट बघत बसलेल्या, उत्तर नाही, शेवटी त्या पुन्हा बटण दाबायच्या. पहिला कॉल खरं म्हणजे पोचलेला असायचा, फक्त त्याचं उत्तर वाटेत हरवलेलं. मग दुसरी चिठ्ठी, दुसरा टेंपो, एकाच होडीला दोनदा बर्फ. साठ लाद्या धक्क्यावर वितळत पडल्यात आणि शेठ माझ्या नावाने ओरडतायत, असं दोनदा झालं.

यावर शहाणा उपाय काय, तर प्रत्येक कॉलला आपला नंबर द्यायचा आणि तोच नंबर पुन्हा आला तर सर्व्हरने काम पुन्हा करायचं नाही. त्याला दोन-तीन दिवस लागले असते. मी एका दुपारी भलताच उपाय केला. कॉल आला रे आला की सर्व्हरने लगेच ‘झालं’ म्हणून मोकळं व्हायचं, आणि काम आपल्या आठवणीत रांगेला लावायचं. जमेल तशी चिठ्ठी छापायची. लाईन तुटायच्या आत उत्तर पोचलेलं, बाई दुसऱ्यांदा बटण दाबणार नाहीत, भानगडच नको.

शेठ एकदम खूश झाले. ‘‘आता कसं, झटपट.’’ मुकादम मात्र खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभा राहिला.

‘‘बर्फ चढायच्या आदी हो कशाला बोलायचा?’’

‘‘अहो मुकादम, चढणारच आहे ना तो. मशीन विसरत नाही तुमच्यासारखं.’’

‘‘बरा,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी शिकलेले.’’

मशीन विसरतं. लाईट गेली की सगळं विसरतं, आणि कारखान्यातल्या यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हेही मला ठाऊक होतं. ती बदलायला सांगायचं मी रोज उद्यावर टाकत होतो.

नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या बाहेर पडायला लागल्या. त्या दिवसांत सगळ्यांना एकदम बर्फ हवा असतो. दुपारी चारच्या सुमारास बाईंनी एका मोठ्या होडीची मागणी पाठवली. पडद्यावर ‘झालं’ आलं. होडीवाला निर्धास्त घरी गेला, बाईही पाच वाजता कुलूप लावून गेल्या. इकडे मिरजोळ्याला वारा सुटला होता, चारनंतर चार-पाच मिनिटांतच लाईट गेली, आणि रांगेत उभी असलेली ती मागणी छापायच्या आधीच नाहीशी झाली. लाईट आल्यावर सर्व्हर मुकाट पुन्हा सुरू झाला. मुकादमाला चिठ्ठीच मिळाली नाही, तर तो काय चढवणार?

पहाटे होडीवर बर्फ नाही. दुसरीकडे मिळायचा प्रश्न नव्हता, सगळ्या कारखान्यांचा बर्फ आधीच ठरून गेलेला. त्या होडीवाल्याच्या घरची रीत अशी, की एकदा नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडला की होडी धक्क्याला ठेवायची नाही. शेजारच्या होड्यांकडून मागून घेतलेल्या चार तुकड्यांवर ते निघाले. मासा चांगला लागला, हे आणखी वाईट. तिसऱ्या दिवशी परत येताना निम्म्याहून जास्त मासा त्यांनी पाण्यात टाकून दिला.

त्यातून त्या होडीवाल्याचं आणि बाईंच्या दिराचं जुनं वैर. वाडीभर बोललं गेलं की बाईंनी मुद्दाम बर्फ पाठवला नाही.

शेठने सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. त्या सकाळी मी लवकर येऊन सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहिला होता. एका ओळीत बाईंचा कॉल आल्याचं लिहिलेलं. पुढच्या ओळीत ‘झालं’ असं उत्तर गेल्याचं. त्यापुढे एकदम सर्व्हर सुरू झाल्याची ओळ. चिठ्ठी छापल्याची ओळ मध्ये कुठेच नव्हती. लहान पोरालाही समजलं असतं.

बाई म्हणाल्या, ‘‘मी पाठवलंवतं. मशीनवर झालं आलं. मी माज्या डोळ्यांनी बगितलं.’’

होडीवाला म्हणाला, ‘‘मग बर्फ काय उडून गेला?’’

शेठ माझ्याकडे वळले. ‘‘अरे, तूच सांग. यांची ऑर्डर मशीनवर आहे का?’’

मी म्हणालो, ‘‘ऑर्डरींच्या यादीत तरी ती दिसत नाही, शेठ.’’

नरो वा कुंजरो वा. चिठ्ठी छापली की मगच ऑर्डर यादीत चढायची, त्यामुळे यादीत ती नव्हतीच. माझं वाक्य अक्षरशः खरं होतं आणि त्याच्याइतकं खोटं वाक्य मी जन्मात बोललेलो नाही. शेठ म्हणाले, ‘‘सरांचा मुलगा आहे, तो कशाला खोटं बोलेल?’’ आणि सगळं तिथेच मिटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. मी बोलेन म्हणून थोडा वेळ थांबल्या, असं मला वाटतं. मग डबा आणि छत्री उचलून निघून गेल्या.

मी का बोललो नाही, याची कारणं मी पुष्कळ वर्षं गोळा केली. पुण्याच्या एका कंपनीत माझं जमत आलं होतं आणि शेठचं पत्र हवं होतं. वडिलांची मान खाली जाईल असं वाटलं. पण ही सगळी नंतर सुचलेली. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो, आणि मास्तरांच्या मुलापुढे कोळणीच्या शब्दाला किंमत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावरच मी ते वाक्य बोललो. याची लाज मला आजही वाटते.

त्याच दुपारी मी कोड सुधारलं. आलेली मागणी आधी डिस्कवर लिहायची, मग ‘मिळालं’ म्हणायचं, आणि ‘झालं’ मुकादमाने बटण दाबल्यावरच. कॉलला नंबरही दिले. पहिल्यांदा जे दोन-तीन दिवसांचं वाटत होतं ते संध्याकाळच्या आत उरकलं. मुकादम आला, पडद्याकडे बघत म्हणाला, ‘‘त्या दिवशी लाईट गेलीवती ना?’’ मी म्हणालो, ‘‘गेली असेल.’’ तो बर्फाकडे गेला. बंदरावर शेठचा भाचा बसायला लागला.

पुण्याला माझं बरं चाललं. जन्मभर सर्व्हरचीच कामं केली. काम पक्कं झाल्याशिवाय उत्तर पाठवू नये, हे मी नव्या मुलांना इतक्या कळकळीने शिकवायचो की ते चेष्टा करत. मुलाखतीत ‘तुमच्या हातून झालेली चूक सांगा’ म्हटलं की मी बर्फाच्या कारखान्याचा किस्सा सांगायचो. लाईट जाते, रांग नाहीशी होते, ऐकणारे हसतात. त्या किश्श्यात बाई नसायच्या.

सहा-सात वर्षांनी दिवाळीत घरी आलो होतो. सकाळी मासळी आणायला बाजारात गेलो तर ओळीत तिसऱ्या पाटीमागे त्या बसलेल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. ‘‘या सायेब. सुरमई ताजी हाय.’’

मी सुरमई घेतली. त्या कापत असताना मी सांगून टाकलं. लॉगमधल्या ओळी, लाईट, माझं वाक्य, सगळं एका दमात. बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर.

कोयती थांबली नाही. ‘‘झालं आलंवतं, ते मला म्हायती हाय. मीच बगितलंवतं ना. तुमी नवीन काय सांगताय?’’

‘‘चूक माझी होती, बाई.’’

‘‘चूक सगळ्यांची व्हते. तुमी गप रवलात.’’ त्यांनी तुकडे पिशवीत भरले. ‘‘चार म्हयने मला वाडीत कुणी पाणी इचारलं नाय.’’

हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, ‘‘बाई, मला माफ...’’

‘‘केलं,’’ त्या म्हणाल्या. माझं वाक्य अजून तोंडातच होतं. पिशवी माझ्या हातात देऊन त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्याही होत्या.

काम हातात घ्यायच्या आधीच आलेलं उत्तर कसलं असतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तसं उत्तर द्यायला मशीनला मीच शिकवलं होतं. मी पिशवी धरून तिथेच उभा राहिलो, पूर्वी त्या रिसीव्हर कानाला लावून थांबत तसा. त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही. मागचा माणूस म्हणाला, ‘‘भाऊ, जरा सरका.’’