मधल्या सुट्टीत

पत्नी गेल्यावर मी दत्तमहाराजांशी बोलणं सोडलं होतं. पूजा होत होती, पण ती हातांनी. मनात उजळणी वेगळीच चालायची. ताप आला त्याच दिवशी डॉक्टर बदलले असते तर? ती "अहो, काही नाही" म्हणाली तेव्हा मी ऐकलं नसतं तर?

सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ती चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची शिकवणी घेत असे. डिसेंबरात ती गेली, परीक्षा फेब्रुवारीत. तेराव्यानंतर तिची पाच मुलं दप्तरं घेऊन दाराशी उभी राहिली आणि त्यांना परत पाठवणं मला जमलं नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलेला माणूस. शिकवणं ठाऊक नाही. तिच्या वह्या वाचून गणितं, बुद्धिमत्तेच्या आकृत्या करवून घेतल्या, इतकंच. त्यांतली वैदेही फार चुणचुणीत. वडील नागपूरकडचे, हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवत. "बाईंना सांगून ठेवलंय, माझा नंबर येणार," असं ती मला रोज ऐकवायची.

परीक्षेच्या दिवशी वडिलांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिला मी घेऊन गेलो. पहिला पेपर सुटला आणि शाळेच्या आवारात डबे बाजूलाच राहिले. जो तो पालक प्रश्नपत्रिका उघडून पोराची उत्तरं पडताळत होता. मीही तेच केलं.

"एकतिसावा?"

"सोडला, काका. मग करू म्हटलं आणि राहिला."

"त्याची ओळ उत्तरपत्रिकेत कोरी ठेवलीस ना?"

"शेवटी एक ओळ उरली होती. मला वाटलं, जास्तीची असेल."

बत्तिसाव्यापासून प्रत्येक उत्तराचा गोल तिनं एक ओळ वर रंगवला होता. ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. ती खाली बसली आणि म्हणाली, "मी दुसऱ्या पेपरला नाही जाणार. बाईंना काय सांगू?" वीस मिनिटं उरली होती. चूक तिची, पण ती आत्ता उकरून काढली मी. कितीतरी दिवसांनी मनातून निघालं, महाराज, मला हे येत नाही, तुम्हीच बघा.

शेजारच्या पायरीवर डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक बाई लेकीला भरवत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो काका, निकाल आजच लावताय? सरकारलाही थोडं काम राहू द्या की." माझ्या हातातली प्रश्नपत्रिका घेऊन त्यांनी चार घड्या केल्या आणि सरळ आपल्या पिशवीत टाकली. मग वैदेहीला विचारलं, "दुसऱ्या पेपरला उत्तरपत्रिका कोरी देतात, की हीच चुकलेली?"

"कोरी."

"मग तिच्यात तुझं काय चुकलंय अजून?"

वैदेहीनं विचार केला. "काही नाही."

"मग खा. आमच्या सनाला एवढं संपत नाही."

सना म्हणाली, "माझ्या तर पेपरचं पानच चिकटलेलं. अख्खं राहिलं." दोघी खुदकन हसल्या. घंटा झाली तेव्हा हात धरून आत गेल्या.

पेपर सुटल्यावर वैदेही धावत आली. "एक सोडला, काका, आणि त्याची ओळपण सोडली!" त्या बाईंना मी गर्दीत शोधलं. त्या दिसल्या नाहीत. प्रश्नपत्रिका त्यांच्याचकडे राहिली.

शिष्यवृत्ती मिळाली नाही. दुसऱ्या पेपरात मात्र पाचांत सर्वाधिक गुण वैदेहीचे होते. गुणपत्रिका घेऊन ती आली, आपल्या बाईंच्या फोटोसमोर उभी राहिली आणि दोन्ही आकडे मोठ्यानं वाचून दाखवले, कमी होता तो आधी.

त्या बाई कोण होत्या, मला माहीत नाही. माझ्या हाकेला त्या आल्या, एवढंच मी जाणतो. शिकवणी अजून चालू आहे. दरवर्षी पहिला पेपर सुटला की मी मुलांच्या प्रश्नपत्रिका न उघडता पिशवीत ठेवतो, आणि मनात म्हणतो, महाराज, झालेलं तुमच्याकडे. मग मुलांचे डबे उघडून देतो.